आमच्या साडूंचं ‘चुकलंय’

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या तिन्ही शहरांत मिळून आमच्या साडूंनी ज्यांचा अपमान केलेला नाही अशी माणसं आता एका शेअर रिक्षात मावतील, आणि उतरायच्या आत त्यातल्या रिक्षावाल्याचाही नंबर लागेल. मी हे मत्सरानं बोलत नाही. आमच्या सौभाग्यवतीच्या धाकट्या बहिणीनं ज्या दिवशी हा गृहस्थ पसंत केला त्या दिवसापासून माझा नंबर पहिला आहे, आणि तो मान मी कुणाला देणार नाही.

लोक अपमान करतात तेव्हा त्यामागे काहीतरी कष्ट असतात. राग यावा लागतो, शब्द जुळवावे लागतात, समोरच्याच्या वर्माचा अभ्यास लागतो. साडूंना यातलं काहीही लागत नाही. ते फक्त म्हणतात, “चुकलंय.” आवाज चढत नाही, भुवई हलत नाही. फळ्यावरचा सुविचार वाचावा तसं वाचतात आणि पुढे जातात. शिवाय सगळ्यांना अहो-जाहो. माझ्या नातीला, पोस्टमनला, शहाडला त्यांच्या इमारतीखाली झोपणाऱ्या कुत्र्यालाही. “अहो, तुम्ही पायरीवर झोपलाय. चुकलंय.” कुत्रा उठून बाजूला होतो. माणसांच्याच अंगात नखरे.

डोंबिवलीला मी नवीन फ्लॅट घेतला तेव्हाची गोष्ट. वास्तुशांतीला शंभरेक माणूस आलेलं. प्रत्येकजण हॉलमधल्या खोट्या छताकडे मान वर करून “वा, काय लाइट्स!” म्हणत होता, आणि मी जणू एडिसनचा जावई असल्यासारखा प्रत्येकाला बटणं दाबून दाखवत होतो. साडू आले, चपला भिंतीला समांतर लावल्या, खिशातून टेस्टर काढला आणि सरळ बाथरूममध्ये गेले. बाहेर आले ते भटजींचा मंत्र मध्येच तोडून म्हणाले, “तुमच्या गिझरला अर्थिंग नाही. चुकलंय.” झालं! माझ्या वास्तूची शांती तिथेच संपली. मी आठ महिने त्यांच्याशी बोललो नाही. अर्थिंग तिसऱ्या दिवशी करून घेतलं, ती गोष्ट वेगळी. इलेक्ट्रिशियनला दम दिलेला की ही बातमी शहाडपर्यंत जाता कामा नये.

अचानक कुणी घरी आलेलं त्यांना चालत नाही. एका दिवाळीत मी फराळाचा डबा घेऊन न कळवता गेलो. दार उघडलं. साडू म्हणाले, “आज तुमचं ठरलेलं नाही,” आणि दार लावलं. मी डबा हातात धरून उभा. समोरच्या ब्लॉकमधल्या वहिनी माझ्याकडे वसुलीवाल्याकडे बघावं तसं बघायला लागल्या. बरोबर पाच मिनिटांनी दार पुन्हा उघडलं. “आता ठरलं. या.” आत गेल्यावर पाहुणचार असा की राजाला लाजवेल. चकली मोडल्यावर तुकडे किती झाले तेही मोजून सांगितलं.

आणि कान! देवानं तीन माणसांचे कान एकाच माणसाला देऊन टाकले असावेत. ट्यूबलाइटची गुणगुण त्यांना ऐकू येते. दुसऱ्या मजल्यावरचा मिक्सर चटणी वाटतोय की डोसा, ते चौथ्या मजल्यावरून सांगतात. माझ्या मुलाच्या वरातीत बेंजो सुरू झाला तसं त्यांनी पिशवीतून कारखान्यातले कान झाकायचे जाडजूड पिवळे मफ काढले, लावले, आणि शेवटपर्यंत आनंदानं चालले. अल्बममधल्या प्रत्येक फोटोत नवरदेवाच्या मागे विमानतळावरचा कर्मचारी उभा आहे.

हे सगळं मी घरच्याघरी सोसलं असतं. पण माझ्या हातून एक पुण्य घडलं. ठाण्याच्या ज्या कारखान्यात मी खरेदी विभागात होतो तिथे मी त्यांना चिकटवलं. त्याआधी त्यांनी अकरा मुलाखती दिलेल्या आणि अकराही पाडलेल्या. का? तर “तुमच्यातला एखादा कमकुवतपणा सांगा” असं विचारल्यावर आपण सगळे जसं “मी कामात फार गुंतून जातो हो” असं लाडिक खोटं बोलतो, तसं न बोलता त्यांनी नऊ सांगितले, उदाहरणांसकट. आमच्याकडे मुलाखत घेणारा माणूस त्या दिवशी आजारी होता म्हणून जमलं.

आमच्याकडे विजेची मोठी पॅनेलं बनतात. कपाटाएवढा पत्र्याचा डबा, आत शेकडो वायरी, प्रत्येक वायरीच्या टोकाला नंबराची नळी. साडूंचं काम त्या तपासण्याचं. डब्यापुढे उभे राहायचे, जेवणाच्या ताटाकडे बघावं तसं बघायचे आणि म्हणायचे, “तेवीस नंबर चोवीसमध्ये गेलाय. चुकलंय.” चूक नेहमी असायचीच. त्यामुळे वायरमन लोक त्यांच्यावर जास्तच चिडायचे. खोटा आळ घेणाऱ्याला माणूस माफ करतो, खऱ्याला नाही.

कंपनीची बस शहाडहून निघून शिळफाट्याला तासभर तप करायची आणि मुंब्रा बायपासवरून ठाण्यात शिरायची. बायपासवर आलो की साडू दररोज, न चुकता, खिडकीतून वरच्या काळ्या कातळाकडे बोट करायचे. “रविवारी मी तिथे असतो.” मला वाटायचं, तपश्चर्या वगैरे करत असतील. बारा वर्षांनी कळलं की गृहस्थ दोर बांधून कातळ चढतात. डोंबिवलीच्या गिर्यारोहकांच्या एका मंडळात ते होते, आणि पन्नाशीतल्या या माणसाला, ज्याला घरी दोन पाहुणे एकदम आलेले सोसत नाहीत, तिथे तीस-तीस माणसं “काका, काका” करत विचारायला यायची. यावर माझा विश्वास बसला नाही. इतक्या लोकांचा अपमान करून कड्यावर उभं राहणं सुरक्षित कसं असेल, हा माझा साधा प्रश्न होता.

तर अशा ह्या माणसाच्या आयुष्यात आमच्या कंपनीचा समावेशन सप्ताह आला.

मुख्य कार्यालयातून फर्मान सुटलं की प्रत्येक माणसाचा मेंदू वेगळा असतो, याची जाणीव सोमवार ते शनिवार या दिवसांत करून द्यावी. एचआरच्या मॅडम माजिवड्याहून नव्याच आलेल्या, उत्साह असा की लिफ्टसुद्धा त्यांच्यापुढे हळू वाटायची. सोमवारी पडद्यावर रंगीत मेंदू दाखवले. न्यूरोडायव्हर्सिटी हा शब्द आमच्या स्टोअरकीपरनं तेरा प्रकारे म्हणून पाहिला. कुणाला आवाज सोसत नाही, कुणाला अचानक बदल झालेला चालत नाही, कुणी सरळ बोलतं ते उद्धटपणानं नव्हे, अशा माणसांना समजून घ्या, साथ द्या, असं मॅडमनी छान सांगितलं. नंतर विचारलं, “आपल्यात असं कुणी असेल का?” चाळीस माना साडूंकडे वळल्या. साडू म्हणाले, “मी आहे. ऑटिझम. डॉक्टरांनी सहा वर्षांपूर्वी कागद दिलाय.”

“मग तुम्ही आम्हाला सांगितलं का नाही?”

“तुम्ही विचारलं नाही.”

इथपर्यंत सगळं ठीक होतं. पण मॅडमच्या डोळ्यांत जे पाणी तरळलं ते पाहूनच मला धोका कळायला हवा होता. मंगळवारी त्यांनी साडूंचा सत्कार ठरवला. गुपचूप! ज्या माणसाला अचानक काही चालत नाही, आवाज चालत नाही, त्याच्या सन्मानार्थ अचानक आणि आवाजात. बुधवारी साडू जेवून आपल्या टेबलापाशी आले तर फुगे फुटले, चाळीसजण “सरप्राइज!” म्हणून ओरडले, दोन माणसाएवढे स्पीकर सुरू झाले आणि स्टोअरकीपर नाचू लागला. साडूंचा चेहरा मी आजवर एवढा पांढरा पाहिला नव्हता. त्यांनी कानांवर हात ठेवले, भिंतीपाशी गेले, स्पीकरचा प्लग काढला. मग त्या शांततेत, सगळे बघत असताना, ती लांबलचक वायर कोपर आणि पंजामध्ये नीट गुंडाळली, तिला नंबराची नळी लावली आणि फुलांचा हार घेऊन उभ्या असलेल्या प्लांट मॅनेजर साहेबांच्या हातात दिली. त्या धांदलीतही जाताजाता शेजारच्या पॅनेलमध्ये बघून, ते जोडणाऱ्या कोनगावच्या एका वायरमनला म्हणालेच, “नऊ नंबर उलटा. चुकलंय.” आणि बाहेर जाऊन बंद बसमध्ये बसले.

गुरुवारी त्यांना नोटीस आली. समावेशन सप्ताहात असहकार केल्याबद्दल! हे वाक्य मी रचलेलं नाही. माझी तेवढी प्रतिभा नाही. साहेबांचा अवमान, एवढंच नव्हे तर कोनगावच्या वायरमनची लेखी तक्रारही सोबत जोडलेली, की हा माणूस मला सगळ्यांसमोर मुद्दाम हिणवतो. सोमवारी चौकशी. समाधानकारक खुलासा न झाल्यास सेवा समाप्त.

आता हसणं थांबवतो. साडू तेव्हा त्रेपन्न वर्षांचे. पुन्हा मुलाखत, पुन्हा कमकुवतपणे, पुन्हा नऊ उदाहरणं. मेहुणीचा फोन आला. रडली नाही, फक्त म्हणाली, “भावोजी, ते रोजच्यासारखा डबा भरून ठेवायला सांगतायत. सोमवारी बस येईल ना, म्हणून विचारतायत. काय सांगू?”

मी खुलासा लिहायला घेतला. मला कुणी विचारलं नव्हतं, पण इतकी वर्षं चहाच्या टेबलावर ज्या माणसाचे किस्से सांगून मी लोकप्रिय झालो, त्याचं काहीतरी देणं लागत होतो. दोन पानं अशी लिहिली की दगडानं माफ केलं असतं. साडूंनी ती लाल पेन घेऊन वाचली.

“यात सहा वाक्यं खोटी आहेत.”

“अहो साडूभाऊ, माफीचं पत्र असंच असतं!”

“‘मला अत्यंत खेद होत आहे.’ झालेला नाही. ‘माझा तोल गेला.’ तोल गेला असता तर वायर गुंडाळता आली नसती. चुकलंय.”

“मग तुम्ही काय लिहिलंय?”

त्यांनी कागद पुढे केला. त्यावर एवढंच: स्पीकर मी बंद केला. आवाज मला दुखतो, भाजल्यासारखा. आदल्या दिवशी सांगितलं असतं तर मी रजा टाकली असती. नऊ नंबर उलटाच होता. चार ओळी, खाली सही. मी कपाळावर हात मारला. असल्या खुलाशानं राहिलेली नोकरीसुद्धा जाते.

आणि शनिवारी सप्ताहाचा समारोप होता. मैदानी खेळांतून समावेशन. मॅडमनी मुंब्र्याच्या कातळावरून दोरानं उतरायचा कार्यक्रम ठेवलेला. कंत्राट कुठल्या मंडळाला दिलं? डोंबिवलीच्या. कड्यावर, दोराच्या तोंडाशी, लाल हेल्मेट घालून कोण उभं? नोटीस मिळालेले आमचे साडू! मॅडमचा चेहरा असा झाला की जणू पेढा म्हणून तुरटी खाल्ली.

कड्यावरचा नियम मंडळाच्या पोरीनं समजावला. उतरण्याआधी प्रत्येकानं काकांपुढे उभं राहायचं आणि म्हणायचं, “तपासा.” काका पट्ट्याचं बकल, कडीचा स्क्रू आणि दोराची इंग्रजी आठासारखी गाठ हातानं बघणार. ठीक असेल तर म्हणणार “बरोबर”. नसेल तर म्हणणार “चुकलंय”. आणि “चुकलंय” ऐकणाऱ्यानं म्हणायचं, “थँक्यू,” आणि दुरुस्त करायचं. “वाद नाही घालायचा हां. आमच्या अध्यक्षांनापण तेच.”

मग जे सुरू झालं ते मी दोन डोळ्यांनी पाहिलं, नाहीतर मलाही ही माझीच थाप वाटली असती. साहेब पुढे आले. “तपासा.” “स्क्रू उघडा आहे. चुकलंय.” साहेब, ज्यांना अठरा वर्षांत कुणी “चहा गार आहे” असंही म्हटलं नव्हतं, ते म्हणाले, “थँक्यू.” स्टोअरकीपर: “चुकलंय.” “थँक्यू.” एकामागून एक, आमची अख्खी कंपनी त्या कड्यावर चुकत होती आणि आभार मानत होती. मी आलो. माझं बकल उलटं. साडू म्हणाले, “चुकलंय.” मी सवयीनं तोंड उघडलं, आणि खाली बघितलं. खाली बायपासवरचे ट्रक काड्यापेटीएवढे दिसत होते. माझ्या तोंडून आपोआप “थँक्यू” निघालं, तेही इतक्या प्रेमळ आवाजात की मलाच माझी शंका आली.

तुम्हाला वाटलं असेल की आता दोर तुटणार आणि साडू साहेबांना एका हातानं झेलणार. नाही. काहीही झालं नाही. तिथे कधीच काही होत नाही, कारण वर साडू उभे असतात. मॅडम तेवढ्या मध्यावर घाबरून कातळाला चिकटल्या. खालून चाळीसजण “यू कॅन डू इट!” म्हणून बोंबलत होतो. साडूंनी हात वर केला. सगळे गप्प. मग अगदी सपाट आवाजात, “डावा पाय खाली. एक वीत. बरोबर. आता उजवा. बरोबर.” मॅडम खाली आल्या आणि हेल्मेट काढलं.

पण खरी गोष्ट दुसरीकडेच घडत होती. कोनगावचा वायरमन हेल्मेट मांडीवर घेऊन कड्याच्या पायथ्याशी बसलेला आणि बोटांवर काहीतरी मोजत होता. मी विचारलं, “काय रे, काय मोजतोस?”

“दादा, यो त सगल्यांनाच बोलतं!” त्याच्या आवाजात असं आश्चर्य की जणू सूर्य पश्चिमेला उगवला. “सायबांना बोलला, मॅडमना बोलला, तुमाला बोलला. मना वाटला, यो मनाच बोलतं.”

सोमवारी चौकशीच्या खोलीत साडूंचा चार ओळींचा कागद पुढे ठेवलेला आणि साहेब घसा खाकरत होते, तेवढ्यात तो न बोलावता आत शिरला. साडू त्याला म्हणाले, “तुमचं आज ठरलेलं नाही.” त्यानं तिकडे लक्षच दिलं नाही. “साहेब, माझी तक्रार परत द्या. नऊ नंबर उलटाच व्हता. मंग मीनीच बदलला.” साहेबांनी मॅडमकडे पाहिलं. मॅडमनी तो चार ओळींचा कागद पुन्हा वाचला, बोट ‘भाजल्यासारखा’वर थांबलं. मग हळूच म्हणाल्या, “बुधवारचं माझं चुकलं.”

साडूंनी मान हलवली. “बरोबर.”

मीच तेवढा बाहेर दाराला कान लावून उभा होतो. आत जाऊन दोन शब्द बोलावेत एवढं त्या माणसाला नोकरीला चिकटवून मी कमावलं नव्हतं का? कमावलं होतं. गेलो नाही, एवढंच.

नोटीस फाइलमध्ये विझली. तपासणीच्या टेबलावर पाटी लागली: तपासा, बरोबर, चुकलंय, थँक्यू. पहिले आठ दिवस वायरमन पोरं “थँक्यू”च्या ऐवजी भलतंच पुटपुटायची, पण सवय झाली. कुठलीही मीटिंग आदल्या दिवशी सांगायची, असा दुसरा नियम साडूंसाठी झाला, आणि महिन्याभरात शोध लागला की तो सगळ्यांनाच हवा होता. निम्म्या मीटिंगा आदल्या दिवशी सांगायला लागल्यावर आपोआप मेल्या. मॅडमना मुख्य कार्यालयाकडून समावेशनाची ढाल मिळाली. साडूंना भिंतीकडे तोंड करून टेबल मिळालं. दोघांनाही आपापली वस्तू आवडली.

खरेदी विभाग तपासणीच्या मजल्यावर हलला आणि माझी खुर्ची त्या टेबलाशेजारी आली. तीन वर्षं मी साडूंच्या शेजारी बसलो. मागच्या महिन्यात निवृत्त झालो. निरोपसमारंभात माझ्याबद्दल जे जे बोललं गेलं ते ऐकून मला वाटलं, कुणी दुसराच वारलाय. आधारस्तंभ काय, दीपस्तंभ काय! मीही उत्तर दिलं, माझ्या बावीस वर्षांच्या सेवेबद्दल. साडू पिवळे मफ लावून शेवटच्या रांगेत होते. स्पीकर लावणार आहेत, हे त्यांना आदल्या दिवशी कळवलं होतं.

गर्दी पांगल्यावर ते आले. मफ काढले. “तुम्ही बावीस वर्षं म्हणालात. एकवीस वर्षं चार महिने.”

“बरं,” मी म्हणालो.

ते गेले नाहीत. माझ्या खुर्चीकडे बघत उभे राहिले. कुणीतरी आधीच माझं कुशन उचलून नेलेलं.

“उद्या ही रिकामी असेल.”

“असणारच की. अहो, तारीख वर्षापासून तुमच्या कॅलेंडरवर लिहिलेली आहे!”

“तारीख माहीत होती,” साडू म्हणाले. मग बराच वेळ शब्द शोधला. हा माणूस शब्द शोधताना मी त्या दिवसापर्यंत पाहिला नव्हता. “हे माहीत नव्हतं. आदल्या दिवशी सांगायचं ठरलं होतं. चुकलंय.”

मी कड्यावरचा नियम पाळला. म्हणालो, “थँक्यू. बघतो.”

आता रविवारी मी मुंब्र्याच्या कातळाखाली जाऊन बसतो. चढत वगैरे नाही, माझा आणि गुरुत्वाकर्षणाचा जुना करार आहे. शनिवारी संध्याकाळी फोन करून कळवतो, “उद्या येतोय.” पलीकडून “बरोबर” येतं आणि फोन बंद होतो. सकाळी मी पोचलो की साडू वरून दोरानं खाली येतात, आधी माझ्या बुटांच्या नाड्या बघतात, मग शेजारी बसतात. खालून कंपनीची बस कधी जात नाही, रविवार असतो. तरी साडू, बसच्या खिडकीतून कातळाकडे करायचे तसं, एकदा बायपासकडे बोट करतात.